पहिली बंदूक : परवाना, पैसा आणि बोअर

इंग्रज शिकाऱ्यांनी हिंदुस्थानविषयी लिहिलेल्या जुन्या पुस्तकांत बंदुकांवर एक वेगळे प्रकरण बहुधा असतेच. मोठ्या जनावरासाठी जोडनळी रायफल, हरणांसाठी हलकी रायफल आणि पाखरांसाठी छऱ्याची बंदूक, असा साधारण सल्ला त्यात दिलेला असतो. हा सल्ला पाळणे साहेबाला अवघड नव्हते. कलकत्त्यात मॅन्टन आणि रॉडा या नामवंत पेढ्या होत्या. मुंबईत १८९१ पासून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा होती. विलायतेहून माल मागवण्याचीही सोय होती.

या प्रकरणांत एक माणूस मात्र कुठेच भेटत नाही. तो म्हणजे ज्याला आयुष्यात एकच बंदूक घेता येणार होती असा माणूस: गावचा पाटील, पेन्शनीत निघालेला हवालदार, जंगलखात्यातला कारकून, किंवा डुकरांच्या त्रासाने रात्र माळ्यावर काढणारा कोकणातला शेतकरी. त्याने पहिली बंदूक कोणती घ्यावी, याविषयी फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही. तरीही देशभरात अशा लाखो माणसांनी बंदुका घेतल्या आणि त्यांतल्या बहुतेक दोन-तीन ठरावीक प्रकारांतल्याच होत्या. ठासणीची बंदूक, बारा बोअरची काडतुसी बंदूक आणि ज्याची ऐपत थोडी अधिक त्याच्याकडे ३१५ बोअरची रायफल.

हेच तीन प्रकार का, हा या लेखाचा प्रश्न आहे. थोडक्यात उत्तर असे की निवड करणारा केवळ गिऱ्हाईक नव्हता. गरज त्याची होती, पैसा त्याचा होता, पण पर्याय सरकारने ठरवले होते आणि ते ठरवताना जनावराचा विचार कमी, माणसाचा संशय अधिक होता.

१८७८ ची चौकट

१८५७ च्या उठावानंतर सरकारने प्रजेला निःशस्त्र करण्याची मोहीम घेतली आणि १८६० साली त्यासाठी कायदाही केला. परंतु पुढची आठ दशके ज्याने हिंदी माणसाची बंदूक ठरवली तो कायदा १८७८ चा. व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतले हे वर्ष मराठी वाचकाला देशी भाषांतील वृत्तपत्रांवरच्या निर्बंधामुळे ठाऊक असते. लेखणीवरचा आणि शस्त्रावरचा, असे दोन्ही कायदे त्या एकाच वर्षातले आहेत.

शस्त्रकायद्यातली बोचणारी गोष्ट परवाना ही नव्हती. परवाना कोणाला लागणार आणि कोणाला नाही, ही होती. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसाला त्यातून सूट होती. हिंदी माणसाला, काही मानकरी व पदवीधारक सोडले तर, नव्हती. त्यामुळे एकाच दुकानात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांची खरेदी वेगळ्या टोकांनी सुरू होई. साहेब आधी बंदूक पसंत करी. हिंदी गिऱ्हाईक आधी कलेक्टरकडे अर्ज करी, त्याची चौकशी होई, मग परवान्यावर जे लिहून मिळेल ते घेई. पसंतीचा भाग दुकानात येण्यापूर्वीच उरकलेला असे.

१८८७ साली मद्रासला बद्रुद्दीन तय्यबजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यात हा कायदा सौम्य करावा असा ठराव झाला. पुढे अनेक अधिवेशनांत ही मागणी होत राहिली. तीत स्वाभिमानाचा प्रश्न होता, तसाच पिकांचा आणि गुरांचाही होता. वंशावर आधारलेली सूट पहिल्या महायुद्धानंतर गेली, परवाना मात्र राहिला.

ठासणीची बंदूक

या चौकटीत सर्वांत खालच्या पायरीवर ठासणीची बंदूक येते. आजच्या वाचकासाठी तिची रीत सांगतो. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचे, मग छरे किंवा गोळी, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी मागच्या बाजूच्या बोंडीवर केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपवर आदळतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. मग धूर निवळेपर्यंत थांबून सगळे पहिल्यापासून.

शिकारीचे साधन म्हणून तिच्यात उणिवा पुष्कळ. एकच बार मिळतो. पावसाळ्यात दारू सर्द होते. जखमी डुक्कर उलटले तर दुसरा बार भरायला वेळ नसतो. तरीही अल्प उत्पन्नाच्या माणसाला ती परवडे, कारण बंदुकीचा खरा खर्च किमतीत नसून तिच्या पोटात असतो. काडतुसी बंदुकीला प्रत्येक बाराला एक तयार काडतूस लागते आणि ते बाजारातूनच आणावे लागते. ठासणीच्या बंदुकीला केप तेवढी विकत आणावीच लागे. शिसे वितळवून गोळ्या घरी पाडता येत आणि दारूही सावजाच्या मानाने कमी-जास्त करता येई. शिवाय बिघडली तर गावचा लोहार-सुतार कुंदा, घोडा, कमान दुरुस्त करी.

सरकारच्या दृष्टीने पाहिले तर हीच बंदूक निर्धोक होती. मिनिटाला फार तर दोन-तीन बार, प्रत्येक बाराला धुराचा लोट, आणि लष्कराच्या कोणत्याही काडतुसाशी संबंध नाही. लष्करे मागून भरायच्या रायफलींकडे वळली तसतशी तोंडाने भरायची बंदूक अधिकाऱ्यांना अधिकच निरुपद्रवी वाटू लागली. शेतकऱ्याचा खिसा आणि सरकारची भीती यांचे इथे नेमके जमले. पिकाच्या राखणीसाठी हीच बंदूक, हा पायंडा असा पडला.

बारा बोअर

दुसरी पायरी काडतुसी बंदुकीची. बारा बोअर या शब्दाचा अर्थ अनेक परवानाधारकांनाही ठाऊक नसतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास येतो. नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीसारखे पिळाचे आटे तिच्यात नसतात.

एकाच बंदुकीत सर्व भागवायचे असेल तर या गुळगुळीत नळीला तोड नव्हती. बारीक छऱ्यांचे काडतूस घातले की लावे-तित्तिर, मध्यम छऱ्यांवर ससा, मोर किंवा बदक, एलजी-एसजी या जाड छऱ्यांवर भेकर आणि डुक्कर, आणि एकसंध गोळीच्या काडतुसावर त्याहून मोठे जनावर. काडतूस बदलले की बंदूक बदलली. मर्यादा अंतराची. छऱ्यांचा मारा चाळीस यार्डांपुढे विरळ होतो आणि गोळीचा नेमही फार दूर टिकत नाही. कर्नल फॉसबेरीने १८८५ साली यावर तोड काढली: नळीच्या तोंडाशी तेवढे पिळाचे आटे पाडायचे, म्हणजे छरेही चालतात आणि गोळीही सरळ जाते. हॉलंड अँड हॉलंडने ती पॅराडॉक्स या नावाने विकली. हिंदुस्थानातल्या शिकारीला ती अगदी जुळणारी होती, पण किंमत साहेबाच्या खिशाची होती. आपल्या पाटलाला साध्या बारा बोअरवरच भागवावे लागे.

तीही तो बहुधा जुनी घेई, आणि इथे खरी परीक्षा होती. नळ्या बिजागरीपाशी ढिल्या आहेत का, आतून गंजाने खड्डे पडलेत का, घोडे नीट अडकतात का, हे कोणीही पाही. नळीखालचे ठसे वाचणे महत्त्वाचे होते, पण तेवढे ज्ञान थोड्यांना होते. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम इथे, तर बेल्जियममध्ये लिएज इथे प्रत्येक नळीची दाबाची चाचणी होऊन तिच्यावर ठसा मारला जाई. लिएजच्या स्वस्त बंदुका जगभर जात. लंबगोलात ईएलजी ही अक्षरे दिसली की ती तिथली. काळ्या दारूच्या काळात चाचणी झालेली, पोलाद व लोखंडाच्या पट्ट्या पिळून घडवलेली नळी दिसायला फार देखणी असे. नव्या धूरविरहित दारूचे काडतूस तिच्यात वापरणे मात्र जिवावरचे काम होते, कारण तिचा दाब वेगळा. नायट्रो दारूच्या चाचणीचा ठसा आहे की नाही, हे न पाहता घेतलेली स्वस्त बंदूक पुढे बोटांच्या किंवा डोळ्याच्या भावात पडू शके.

काडतुसांचा खर्च वाचवण्याचीही रीत होती. उडालेली पुठ्ठ्याची काडतुसे जपून ठेवायची, त्यांत नवी केप, दारू, गट्टी आणि छरे भरून तोंड बंद करायचे. हाताने भरलेल्या अशा काडतुसांवर कित्येकांनी वर्षानुवर्षे भागवले.

कॉर्बेटची बंदूक आणि ४५० ची बंदी

गोरा असूनही गरीब, अशा शिकाऱ्याचे उत्तम उदाहरण म्हणजे जिम कॉर्बेट. जन्म १८७५, वडील नैनितालचे पोस्टमास्तर, जिम लहान असतानाच ते वारले आणि मोठे कुटुंब आईवर पडले. लहानपणी त्याला मिळालेली बंदूक जोडनळी, ठासणीची, एक नळी फाटलेली आणि मोडलेला कुंदा पितळेच्या तारेने आवळलेला, अशी होती. ‘जंगल लोअर’ या आपल्या पुस्तकात त्याने तिच्याविषयी लिहिले आहे. एकाच नळीवर विसंबायचे म्हणजे जवळ जायचे आणि चुकायचे नाही. पुढच्या कॉर्बेटची सारी शिस्त या फाटक्या बंदुकीत आहे.

त्यानंतर शाळेच्या कॅडेट कंपनीतून त्याला वापरायला मिळाली .४५० ची मार्टिनी रायफल, म्हणजे मुळात लष्करी हत्यार. इथे आपण थेट कायद्याच्या मर्मावर येतो. .४५० म्हणजे इंचाचे ४५० सहस्रांश, हे नळीचे माप. मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळीचे हेच माप होते, आणि लष्करातून बाद झालेल्या या रायफली सरहद्दीवर व सुदानात बंडखोरांच्या हाती फिरत होत्या. शिकारी काडतुसातली गोळी त्यांना उपयोगी पडेल या धास्तीने १९०७ च्या सुमारास .४५० बोअरचा माल हिंदुस्थानात आणायला बंदी झाली. हत्तीवाघांसाठी तोवर हेच माप सर्वांत लोकप्रिय होते. इंग्लिश कारखानदारांनी मग .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी नवी काडतुसे काढली. आकडे पाहिले तर फरक इंचाच्या काही सहस्रांशांचा. जनावराला तो कळण्यासारखा नव्हता. तो कस्टमच्या कारकुनासाठी होता.

ही भीती निराधार होती असेही नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या रॉडा कंपनीसाठी आलेल्या मालातून क्रांतिकारकांनी पन्नास माउझर पिस्तुले आणि हजारो काडतुसे पळवली. बंदुकीचे दुकान आणि राज्याची सुरक्षितता यांचे नाते सरकारने उगाच जोडलेले नव्हते.

३१५ कुठून आली?

सामान्य माणसाच्या रायफलीचा जन्मही याच भीतीतून झाला. ब्रिटिश लष्कराने १८८८ साली .३०३ हे माप स्वीकारले. लष्करी माप म्हणून ते हिंदुस्थानातल्या खाजगी शिकाऱ्याला बंद. कारखाने मात्र .३०३ ची ली-एन्फील्ड रायफल मोठ्या संख्येने काढत होते, त्यामुळे तिचे भाग स्वस्त आणि खात्रीचे. मग याच रायफलीला वेगळ्या मापाची नळी बसवली तर?

माप सापडले ऑस्ट्रियात. तिथल्या मानलिखर लष्करी रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस .३०३ सारखेच बुडाशी कडा असलेले आणि आकाराने जवळचे होते. ली-एन्फील्डच्या यंत्रणेत ते थोड्या फेरफाराने बसे. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेकडे ते नव्हते, म्हणून कायद्याला चाले. आठ मिलिमीटर म्हणजे इंचाचे ३१५ सहस्रांश. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बीएसए कंपनीने या मापाच्या शिकारी रायफली हिंदी बाजारासाठी काढल्या. ज्याला बारा बोअरपेक्षा दूरचा मारा हवा पण जोडनळीची ऐपत नाही, अशा माणसाची ती पहिली रायफल झाली. गोळी जड, वेग बेताचा. सांबर, चितळ, डुक्कर यांना पुरेशी. उत्तम रायफल म्हणून तिची निवड झाली नव्हती. मनाई नसलेल्यांत ती स्वस्त होती, एवढेच.

स्वातंत्र्यानंतर

१९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा, असे कलम होते. संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामथ यांनी तशी दुरुस्ती सुचवली, ती नामंजूर झाली. शस्त्र हा हक्क न राहता परवानगीची बाब राहिली. नव्या प्रजासत्ताकाला फाळणीच्या दंगलींचा ताजा अनुभव होता, हेही ध्यानात घ्यायला हवे.

१८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याचे तेरावे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने मुळातून वाचण्याजोगे आहे. संरक्षण किंवा शिकारीसाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांचा परवाना नाकारण्याचे कायदेशीर कारण नसल्यास अधिकाऱ्याने द्यावा, असे ते म्हणते. ठासणीची पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर शेतकऱ्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. इतर शस्त्रांसाठी, म्हणजे रायफलीसाठीही, सबळ कारण पटवावे लागते. एकोणिसाव्या शतकात रूढ झालेल्या तिन्ही पायऱ्या स्वतंत्र भारताच्या कायद्यात अशा जशाच्या तशा उतरल्या. .३०३ ही निषिद्ध बोअरमध्येच राहिली.

या क्रमवारीला एक व्यवहारी बाजूही आहे. रायफलीची गोळी मैलाहून दूर जाऊ शकते. वाडीला वाडी लागून असलेल्या कोकणात रात्री झाडलेली अशी गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही. छरे तेवढे दूर जात नाहीत. म्हणून शेताच्या राखणीला गुळगुळीत नळीच शहाणपणाची, हे मान्य करावेच लागेल.

पुढे परदेशी बंदुकांची आयात आटत गेली आणि १९८० च्या दशकात सामान्य माणसाला ती बंदच झाली. सरकारी कारखान्यांचा माल तेवढा उरला. बंगालमधल्या इशापूर आणि नंतर तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात ३१५ ची शिकारी रायफल बनत राहिली, आणि काडतुसे आली आपल्या पुण्याजवळच्या खडकीतून. १८६९ पासून चालत असलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ ही बारा बोअरची काडतुसे जुन्या परवानाधारकांना चांगली ठाऊक आहेत. ऑस्ट्रियन लष्कराने केव्हाच टाकून दिलेले एक माप भारतात अजून जिवंत आहे, ते या सरकारी साखळीमुळे.

त्याचे एक अनिष्ट फळही आहे. उत्तर भारतातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत ‘३१५ बोअरचा कट्टा’ हे शब्द वारंवार येतात. बेकायदा गावठी पिस्तूल घडवणारा मिळणाऱ्या काडतुसाच्या मापानेच नळी करतो, आणि मिळते ते ३१५ आणि बारा बोअर. बंडखोराच्या हाती लागू नये म्हणून निवडलेले माप शेवटी गुन्हेगाराचे माप झाले.

जंगलाची बाजू

आतापर्यंत आपण बंदूक घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले. सावजाची बाजू न सांगता हा इतिहास पुरा होणार नाही. स्वातंत्र्यानंतर परवाने वाढले, लष्करातून निघालेल्या जीपगाड्या आल्या, प्रखर दिवे आले. रात्री रस्त्याने जाता जाता डोळे चमकले की बार, ही शिकार बारा बोअरने सहज साधे. पीकसंरक्षणासाठी दिलेली बंदूक शेताच्या बांधापुरती राहत नाही, अशी तक्रार वन्यजीवांच्या अभ्यासकांनी वेळोवेळी केली आणि ती खोटी नव्हती. राजेमहाराजांनी मारलेल्या वाघांचे फोटो भिंतीवर लागले, म्हणून ते मोजता येतात. छऱ्याने गेलेली भेकरे, ससे, रानकोंबड्या यांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

१९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा विषय जवळपास मिटला. आज कोणी हौसेने शिकारीची पहिली रायफल निवडायला निघाला तर ती चालवायला भारतात रानच नाही, आणि हे चांगलेच झाले.

या संदर्भात मुंबईतल्या एका मुलाची आठवण होते. १९०८ च्या सुमारास सलीम अली या पोरक्या मुलाकडे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी दिलेली डेझी कंपनीची हवाई बंदूक होती. मद्रास अधिवेशनाच्या अध्यक्षांच्याच घराण्यातले हे मामा. त्या खेळण्यातल्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घेण्यासाठी मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. कॉर्बेट आणि सलीम अली दोघांची सुरुवात सर्वांत स्वस्त बंदुकीने झाली आणि दोघेही रानाच्या राखणदारीकडे वळले. यातून नियम काढता येणार नाही. एवढे मात्र म्हणता येते की ज्याला बार मोजून उडवावे लागतात, त्याला समोरच्या जिवाकडे नीट पाहावे लागते.

उरतो तो शेतकरी. रानडुकरे, माकडे, गवे यांनी पीक उद्ध्वस्त होण्याचा प्रश्न कोकणात आणि विदर्भात आज पूर्वीपेक्षा बिकट आहे. वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली पिकाला घातक ठरलेल्या काही जनावरांना मारण्याची परवानगी अधिकारी देऊ शकतो. म्हणजे एका कायद्याने दिलेली बंदूक दुसऱ्या कायद्याच्या परवानगीशिवाय डुकरावर उचलता येत नाही. अनेक ठिकाणी ही बंदूक आजोबांच्या नावाची, ठासणीचीच असते. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, मुदत संपली की नूतनीकरणासाठी खेटे घालायचे. तिच्या धाकाने डुकरे पळतात की नुसत्या आवाजाने, हा प्रश्न निराळा.

कुंपण, नुकसानभरपाई, पिकांची फेरनिवड असे आज सुचवले जाणारे उपाय बंदुकीपेक्षा चांगले आहेत, असे माझेही मत आहे. पण ते ठरवताना हा दीडशे वर्षांचा अनुभव समोर असावा. १८७८ पासून सामान्य माणसाच्या हाती काय द्यायचे हे ठरवताना आधी त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा याचा विचार झाला, आणि त्याच्या शेतात रात्री काय येते याचा नंतर. भिंतीवरच्या त्या जुन्या बंदुकीचे बोअर, नळी, घोडा या सगळ्यांत तो क्रम कोरलेला आहे. नव्या उपायांत तरी तो उलटा व्हावा.